सात अक्षरं, एकवीस मिनिटं

छंद काय, असं कोणी विचारलं की मी हल्ली 'रेडिओ' एवढंच सांगून गप्प बसतो. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे एफएम का? आरजे वगैरे?" मग मी म्हणतो, नाही हो, १८५ किलोहर्ट्झवर फेज-शिफ्ट कीइंग ऐकतो. समोरचा माणूस हातातल्या प्लेटमधल्या सामोशाकडे बघायला लागतो आणि गप्पा शाळांकडे नाहीतर घरांच्या किमतींकडे वळतात. न्यू जर्सीतल्या मराठी पार्टीत या दोन विषयांना मरण नाही :-)

पण इथे माझंच राज्य आहे, तेव्हा आज सांगूनच टाकतो.

प्रकार असा आहे. थंडीतल्या शनिवारी रात्री घर झोपलं की मी सहाशेहून जास्त किलोमीटरवरून येणारी सात अक्षरं पकडायचा प्रयत्न करतो. मुंबईत बसून हैदराबादचं ऐकण्यासारखं. ही सात अक्षरं यायला जवळजवळ एकवीस मिनिटं लागतात. बहुतेक वेळा ती येतच नाहीत. आठवडाभर ऑफिसात एखादं पान उघडायला दोन सेकंद लागले म्हणून मीटिंग बोलावणारा मनुष्य तो हाच, याची नोंद घ्यावी.

आता १८५ किलोहर्ट्झ म्हणजे नक्की कुठे? लहानपणी घरातल्या रेडिओवर आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हला ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं. तिथून काटा खाली खाली नेत गेलात की ५३० च्या आसपास पट्टी संपते. ती संपल्यावरही बरंच खाली गेलं की आमचा मोहल्ला लागतो. इथे एका लाटेची लांबी सोळाशे वीस मीटर भरते. चांगला उभा अँटेना लाटेच्या पाव भाग उंच असावा असा साधारण हिशोब आहे, म्हणजे चारशे मीटर. आयफेल टॉवर उभा केला तरी सत्तर मीटर कमीच पडतील.

आणि अमेरिकेतला नियम काय म्हणतो? १६० ते १९० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कोणीही, लायसन्स नसतानाही, प्रसारण करू शकतो. फक्त दोन अटी. शेवटच्या टप्प्याला दिलेली पॉवर १ वॅटच्या वर नको, आणि अँटेना, त्याला जाणारी वायर आणि जमिनीत जाणारी वायर मिळून लांबी १५ मीटरच्या वर नको. चारशे मीटरच्या जागी पंधरा! असल्या बुटक्या अँटेनाला दिलेल्या १ वॅटमधला जवळजवळ सगळा भाग कॉइल आणि जमीन गरम करण्यात जातो. प्रत्यक्ष हवेत जातो तो साधारण एक मिलिवॅट. टीव्ही बंद केल्यावर कोपऱ्यात जो लाल ठिपका जळत राहतो ना, तो याच्या कित्येक पट खातो.

लायसन्सवाल्या हॅम मंडळींसाठी आणखी खाली १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ असा रीतसर पट्टा आहे. २००७ च्या जागतिक परिषदेत तो हौशी लोकांना द्यायचं ठरलं आणि अमेरिकेत तो २०१७ मध्ये खुला झाला. तिथे १ वॅट प्रत्यक्ष हवेत सोडायला परवानगी आहे, म्हणजे आमच्यापेक्षा हजारपट श्रीमंती. पण ज्यांच्यामुळे मी या नादाला लागलो त्यांना ती श्रीमंती नको होती.

त्यांना मी मनातल्या मनात 'ओहायोचे काका' म्हणतो. वय ८४. आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम केलं, निवृत्त झाल्यावर परसात १५ मीटरचा खांब उभारला आणि त्याच्या बुडाशी हाताने गुंडाळलेली बादलीएवढी कॉइल ठेवली. आमची ओळख ई-मेलवरची. आवाज मी त्यांचा एकदाच ऐकलाय. "जास्त वॅट घेऊन काय करायचंय? ओरडून तर कोणालाही ऐकू जाईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी त्या बाजूला फक्त कान. माझं अंगण म्हणजे दोन गाड्या लावल्या की संपलं. मागच्या कुंपणापाशी एका काठीवर मीटरभर उंचीचा छोटा अँटेना आहे आणि त्याच्या पायाशी बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर. इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला ऐकायला मोठा अँटेना लागत नाही. आकाशातली विजांची खरखर एवढी असते की छोट्या अँटेनालाही ती सहज सापडते, आणि सिग्नल किती मोठा यापेक्षा खरखरीच्या मानाने किती मोठा एवढाच प्रश्न उरतो. म्हणून थंडी हवी, कारण तेव्हा विजा कमी. म्हणून रात्र हवी, कारण दिवसा आयनोस्फियरचा खालचा थर वर जाणाऱ्या लहरी गिळून टाकतो आणि सूर्य मावळला की तो थर विरतो. लहानपणी रात्री मीडियम वेव्हवर कुठली कुठली स्टेशनं लागायची, त्याचं कारणही तेच.

विजांचं ठीक आहे हो, त्या निसर्गाच्या. खरा त्रास घरातल्यांचा. मोबाईलचे चार्जर, एलईडी दिवे, डिमर, राउटरचा अडॅप्टर... आतमध्ये सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करणारी ही सगळी पिल्लं नेमकी आमच्याच मोहल्ल्यात कलकलाट करतात. शनिवारी रात्री मी घरभर फिरून एकेक प्लग काढत जातो. बायको म्हणते, "लोक झोपायच्या आधी दाराची कडी बघतात, आमच्याकडे चार्जर बघतात." लॅपटॉपसुद्धा बॅटरीवर.

एवढं करून सिग्नल ऐकू येतो का? कानाला? कधीच नाही. मी त्याला एकदाही कानाने ऐकलेलं नाही. म्हणूनच तर पुढचं सगळं.

या मंडळींचा जुना उपाय म्हणजे अतिशय हळू मोर्स. एक टिंब तीन सेकंदांचं, दहा सेकंदांचं, कधी साठ सेकंदांचं. ते ऐकायचं नसतं, बघायचं असतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फ्रिक्वेन्सीचं चित्र हळूहळू सरकत राहतं आणि त्यात फिकट रेघा उमटतात. टिंब साठ सेकंदांचं असेल तर तीन अक्षरं उमटायला अर्धा तास जातो. बघायला फार सुंदर दिसतं, धुक्यातून कोणीतरी चालत आल्यासारखं.

पण मला पहिल्यापासून एक खटकायचं. कोण पाठवतंय आणि काय पाठवतंय हे मला आधीच माहीत असतं. मग रेघ दिसली म्हणून मी अक्षर वाचतो, की अक्षर माहीत आहे म्हणून रेघ दिसते? म्हणून एकदा मुद्दाम प्रयोग केला. बायकोला बोलावलं, मोर्सचा तक्ता हातात दिला आणि म्हटलं, यात काय दिसतंय ते वाच, मी काही सांगणार नाही. तिने दहा मिनिटं डोळे बारीक करून पाहिलं. दोन अक्षरं वाचली, दोन्ही माझ्यापेक्षा वेगळी. तिसऱ्या जागी तिला काहीच दिसेना. वर म्हणाली, "तुला दिसतंय ना, मग झालं तर!" झालं कसं? तिथेच तर सगळं अडतं.

मला असं काहीतरी हवं होतं ज्यात माझ्या इच्छेला चंचुप्रवेश नाही. ते फेजमध्ये मिळालं.

फेज म्हणजे काय, हे मी नेहमी लेझमीवरून सांगतो. शाळेत लेझीम खेळला असाल तर आठवा. हलगी वाजतेय, पथक एका ठेक्यात, उजवा पाय पुढे, डावा पुढे. आता समजा मधेच शिट्टी वाजली आणि सगळ्यांनी त्याच ठेक्यात पाय बदलला. जिथे उजवा पडायचा तिथे डावा. ठेका तोच, वेग तोच, आवाज तोच. बदललं फक्त पाऊल. फेज-शिफ्ट कीइंगचा सगळ्यात साधा प्रकार इतकाच आहे. लहर तीच, पण शून्य सांगायचं तर सरळ, एक सांगायचं तर उलटी.

यातली गंमत अशी की पाय बदलला हे कळायला बघणाऱ्यालाही ठेका धरता आला पाहिजे. नाहीतर त्याला सगळं सारखंच दिसणार. याचं चांगलं उदाहरण आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. अमेरिकेची अधिकृत वेळ कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून ६० किलोहर्ट्झवर प्रसारित होते आणि आमचं घड्याळ ती ऐकून स्वतःच वेळ लावून घेतं. २०१२ पासून त्या लहरीत फेजही उलटवली जाते, सेकंदाला एक बिट. पण आमचं घड्याळ जुन्या पद्धतीचं. लहर मोठी झाली की लहान एवढंच त्याला कळतं. पाय बदलतोय याचा त्याला पत्ताच नाही. आणि ज्यांना फेज कळते त्यांना त्याच लहरीतून खूप कमी ताकदीत वेळ मिळते.

हॅम लोकांमध्ये फेजची चटक लावली ती पीएसके३१ ने. एका पोलिश हॅमच्या कल्पनेवरून पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमने तो १९९८ च्या अखेरीस सगळ्यांच्या हाती दिला. सेकंदाला ३१.२५ पावलं, म्हणजे माणूस टाइप करतो साधारण त्या वेगाने गप्पा. इंग्रजीत जास्त येणाऱ्या अक्षरांना छोटे कोड, कमी येणाऱ्यांना लांब. आणि प्रत्येक पाऊल फक्त मागच्या पावलाशी ताडून बघायचं. बदललं का नाही, एवढंच. त्यामुळे ठेका फार वेळ धरावा लागत नाही, साधं साउंड कार्ड पुरतं. पण सिग्नल खरखरीत पार बुडालेला असेल तर मागचं पाऊलही दिसत नाही आणि पुढचंही. मग ताडायचं काय?

तिथे उपाय एकच. हळू जायचं, आणि ठेका स्वतः धरून ठेवायचा. बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅननने १९४८ मध्ये गणिताने दाखवून दिलं की खरखर कितीही असो, एका बिटमागे ठरावीक ऊर्जा पोचली की संदेश चुकल्याशिवाय पोचवता येतो. ऊर्जा म्हणजे ताकद गुणिले वेळ. ताकद नाही? मग वेळ द्या. मला हे वाक्य फार आवडतं. एका ठेक्यात १२४८ पावलं मोजून मिळवली तर सिग्नल १२४८ पट होतो. खरखरीला ठेका नसतो, ती कधी इकडे कधी तिकडे, त्यामुळे ती वाढते फक्त वर्गमुळाने, म्हणजे पस्तीस पट. फरक तुमच्यासमोर आहे.

अर्थात फुकट काही मिळत नाही. १२४८ सेकंद ठेका सुटता कामा नये. दोन्हीकडच्या फ्रिक्वेन्सीत एक मिलिहर्ट्झचा, म्हणजे एक हर्ट्झच्या हजाराव्या भागाचा फरक असेल, तर तेवढ्या वेळात फेज सव्वा फेरी मारते आणि उजवं-डावं सगळं एकमेकांत विरघळून जातं. १८५ किलोहर्ट्झवर हे नीट सांभाळायचं तर दोन्ही टोकांची घड्याळं अब्जात एक भागापर्यंत जुळायला हवीत. साध्या क्रिस्टलचं ते काम नाही, ते लाखात दोन-चार भाग चुकतं. म्हणून दोन्हीकडे जीपीएसला बांधलेली घड्याळं. उपग्रहांमधली अणुघड्याळं दर सेकंदाला टाळी देतात आणि ओहायोत काका, इथे मी, त्या टाळीवर पावलं टाकतो. ओळख ई-मेलची, पण ठेका एक.

सॉफ्टवेअर आम्ही वापरलं ते पॉल निकल्सन या ब्रिटिश प्रयोगवेड्या माणसाचं, एबनॉट नावाचं. मूळ उद्देश याहूनही खूप खालच्या, काही किलोहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सींसाठी. हिशोब बघा, आपल्या वाचकांपैकी निम्मे कोडवाले आहेत, त्यांना मजा येईल. सात अक्षरं, प्रत्येकी ६ बिट, झाले ४२. त्यात १६ बिटांचा चेकसम, ५८. कोडची शेपटी २०, झाले ७८. प्रत्येक बिट सोळा वेगवेगळ्या प्रकारे मिसळून पाठवायचा, झाली १२४८ पावलं. एक पाऊल एक सेकंद. वीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ती गोष्ट.

२०२३ च्या डिसेंबरात काकांची मेल आली. मार्चमध्ये घर विकून ते दोघं नवरा-बायको वृद्धांसाठीच्या वसाहतीत राहायला जाणार होते. तिथे खांब वगैरे काही चालणार नाही. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. खाली लिहिलं होतं, "न्यू जर्सीपर्यंत या पद्धतीने अजून कधी पोचलो नाही. जमलं तर बघू. आणि एक, मी जाणार म्हणून 'ऐकलं' असं लिहू नकोस. मला दयेचं सर्टिफिकेट नको."

वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. कारण तो मोह येणार हे दिसत होतं. ८४ वर्षांचा माणूस, शेवटचा हिवाळा, आणि 'काहीतरी दिसल्यासारखं वाटलं' एवढं लिहायला मला काय लागतं? खोटंही ठरलं नसतं. पडद्याकडे बघत बसलं की काहीतरी दिसल्यासारखं वाटतंच.

शिवाय सॉफ्टवेअरही तितकंसं साधंभोळं नाही. हा डिकोडर एकच उत्तर देत नाही. 'हे असावं, नाहीतर हे, नाहीतर हे' अशी संभाव्य संदेशांची क्रमवार यादी करतो, आमच्याकडे वीस हजारांची, आणि एकेकाचा चेकसम तपासत खाली जातो. जो जुळेल तो उत्तर म्हणून पुढे करतो. आता १६ बिटांचा चेकसम निव्वळ योगायोगाने जुळायची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. पण वीस हजार वेळा नशीब आजमावलं तर? चारातून एकदा काहीतरी जुळतंच, सिग्नल अजिबात नसला तरी! त्यात रात्री आयनोस्फियर वरखाली होतो म्हणून फेज थोडी इकडे थोडी तिकडे वळवून नऊ वेळा तोच खेळ केला, तर काहीतरी 'सापडण्याची' शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. थोडक्यात, खोदत राहिलं की मूर्ती निघतेच. मग तिला कुठला देव म्हणायचं ते गाव ठरवतं.

म्हणून मी काकांना दोन गोष्टी सुचवल्या. एक, संदेश मला सांगायचा नाही. फक्त अक्षरं सात आणि वेळ ठरलेली, रात्री अकरा, बारा, एक आणि दोनच्या ठोक्याला. दर शनिवारी नवीन संदेश, त्यांनी वहीत लिहून ठेवायचा. दोन, यादीतल्या पहिल्या शंभरात जुळलं तरच मी ते 'आलं' म्हणणार. त्याच्या खाली काहीही सापडलं, कितीही गोजिरवाणं असलं, तरी नाही. शंभरची अट घातली की योगायोगाची शक्यता एका खेळाला हजारात दीडवर येते. आणि हे सगळं ऐकायला बसायच्या आधी मेलवर लिहून टाकलं, म्हणजे नंतर पळवाट नको. काकांचं उत्तर एका ओळीचं होतं: "आता कशी माणसासारखी बोललास."

पहिला शनिवार, १३ जानेवारी २०२४. काही नाही. कारण पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. दर काही हर्ट्झवर जाड जाड रेघा. शेजारच्या घराच्या वळचणीला नाताळचे एलईडी दिवे अजून लुकलुकत होते.

दुसरा शनिवार. डिकोडरने उत्तर दिलं! चेकसम बरोबर, सात अक्षरं, अकरा हजार आणि काहीतरी क्रमांकावर. अक्षरांना अर्थ नव्हता, पण मधे एक आकडा होता आणि शेवटची दोन अक्षरं एखाद्या कोडसारखी दिसत होती. रात्रीच्या दीड वाजता मेंदू कसा चालतो ते मी त्या दिवशी बघितलं. हे त्यांच्या भागाचं काही संक्षिप्त असेल का? जुन्या कॉलसाइनचा तुकडा असेल? नियम आधी लिहिलेला नसता तर मी त्या सात अक्षरांभोवती छानसं देऊळ बांधलं असतं. पण नियम होता. मी लिहिलं, "नाही."

मधे संक्रांत होऊन गेली होती. रविवारी डब्यातले उरलेले तिळाचे लाडू घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो. गोरा शेजारी, त्याला 'तिळगूळ घ्या गोड बोला' याचा अर्थ सांगितला, आणि गोड बोलत बोलतच विचारलं की दिवे कधी उतरवणार. त्याला वाटलं दिव्यांचा उजेड खिडकीतून येतो. रेडिओचं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे पार्टीतल्या सामोसेवाल्यासारखंच पाहिलं, पण म्हणाला, महिनाअखेरीस उतरवतो.

तिसरा शनिवार. काही नाही. दिवे होतेच. काकांना तिसऱ्यांदा 'नाही' लिहिताना बोटं जड झाली. त्यांचं उत्तर नेहमीसारखं, "ठीक. पुढच्या शनिवारी." पण खाली एक ओळ जास्त होती. खोकी भरायला सुरुवात केली होती.

चौथा शनिवार, ३ फेब्रुवारी. शेजारी अंधार. पडदा इतका स्वच्छ की मला आधी वाटलं अँटेनाची वायर निघाली. अकराचं प्रसारण, काही नाही. बाराचं, काही नाही. एकचं रेकॉर्डिंग एकवीस मिनिटांनी संपलं, डिकोडरला दिलं आणि पाणी प्यायला उठलो. परत आलो तर उत्तर तयार. क्रमांक: तीन. चेकसम बरोबर. आणि सात अक्षरं, मधली मोकळी जागा धरून:

एग्ज १२

मी ते तीनदा वाचलं. अंडी, एक डझन. आणि मला एकदम हसू आलं, मध्यरात्री, एकट्यालाच. कारण हे मी स्वप्नातसुद्धा इच्छिलं नसतं! मनाने रचलेलं असतं तर काहीतरी बरं निघालं असतं, नमस्कार, निरोप, नाव. कोणाचं मन अंडी कशाला रचेल?

तेवढंच लिहून मेल पाठवली. आत्तापर्यंत कधीही फोन न केलेल्या काकांचा पाचव्या मिनिटाला फोन. रात्रीचे दीड वाजलेले. पहिलं वाक्य, "कितव्या क्रमांकावर?" मी म्हटलं, तीन. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "फ्रिजवर बायकोची यादी लावलेली होती. त्यातली पहिली ओळ घेतली." मग त्यांनी वहीतले आधीचे संदेशही सांगितले. पहिल्या शनिवारी गाडीचं ऑइल बदलायचं होतं. दुसऱ्या शनिवारी 'कॅट फेड', म्हणजे मांजराला खायला घातलं. माझ्या त्या अकरा हजाराव्या देवळातल्या मूर्तीशी त्याचं एक अक्षरही जुळत नव्हतं. तिसऱ्या शनिवारी कचरा बाहेर ठेवायची वेळ.

दोनच्या प्रसारणात काही आलं नाही. पुढचे दोन शनिवार हवा खराब होती. मार्चमध्ये खांब उतरला. म्हणजे सगळ्या हिवाळ्याची कमाई सात अक्षरं. तीही मोकळी जागा धरून.

मित्र म्हणतात, अरे, हेच व्हॉट्सअॅपवर अर्ध्या सेकंदात आलं असतं. आलं असतं की. तिथे पोचण्याची खात्री कंपनी देते आणि निळी खूण दाखवते, आपण मान हलवतो. इथे खात्री आम्ही दोघांनी बनवली होती, आधी ठरवून, लिहून, आणि तीनदा 'नाही' म्हणून. मला वाटतं ते तीन 'नाही' नसते तर त्या चौथ्या 'हो' ची किंमत अंड्यांएवढीच राहिली असती.

ऑफिसात आमच्याकडे दर तिमाहीला आकडे दाखवायचे असतात. नवीन बटण लावलं, वापर वाढला का? वीस प्रकारे बघितलं की एका प्रकारे वाढलेला दिसतोच आणि तोच स्लाइडवर जातो. हल्ली मी आधी विचारतो, काय दिसलं तर आपण 'वाढला' म्हणणार, ते आत्ताच लिहूया का? पहिल्या वेळी खोलीत शांतता पसरली. दुसऱ्या वेळी एकीने खरंच वही उघडली.

काका नव्या जागेत बरे आहेत. ट्रान्समीटर नाही, पण खिडकीत मीटरभर काठी लावायला वसाहतीने हरकत घेतलेली नाही. म्हणजे आता कान तिकडे. मी १५ मीटर वायर कशी आणि कुठे बसवायची याचा हिशोब करतोय. माझं अंगण त्यांच्यापेक्षा लहान, पण नियमात तेवढीच वायर बसते. कॉइल गुंडाळायला घेतली आहे. बायकोची बादली गायब आहे, आणि ती कुठे गेली हे तिला अजून कळलेलं नाही.